नाकेदारसाहेबांची झडती

"काहून उभे राहून राहिले असतील वं हे? सवताच्याच दारात, परक्यावानी?"

राधाकाकू आडावरून येत होत्या. डोक्यावर घागर, मागे सून चंद्रभागा. सून हळूच म्हणाली, "गल्लीवर नजर ठेवून राहिले असतील. नाक्यावरची खोड जाते व्हय?"

मी आमच्या खिडकीच्या गजांआड होते. नाकेदारसाहेब का उभे आहेत, हे मला माहीत होतं. आत, त्यांच्या पलंगाच्या वरच्या भिंतीवर, एक गोम होती.

तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर तुमचाही सुनेसारखाच समज झाला असता. उंची दाराच्या चौकटीला लागणारी. पांढऱ्या मिशा दोन्ही बाजूंनी पिळून वर नेलेल्या. हातात वेताची काठी, पायांत कुरकुरणारे जोडे. असा माणूस आपल्या वसरीच्या खांबाशी ताठ उभा राहून गल्लीच्या टोकापर्यंत बघत असला, की पोरं खेळ थांबवीत आणि बाया पदर सावरीत. हा माणूस भिऊन बाहेर आला आहे, असं कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

थोडा वेळ गेला की ते खाकरत. माझ्या खिडकीकडे न बघता काठी फरशीवर आपटत आणि हवेला सांगावं तसं म्हणत, "बेटी, जरा झडती."

आज त्या घराला कुलूप आहे. दिवाळीनंतर ते आपल्या पुतण्याकडे हैदराबादला गेले. किल्ली राधाकाकूंच्या कनवटीला असते. काकूंची नात नुकती बसायला लागली आहे. दुपारचं ऊन उतरलं की तिला त्याच वसरीत आणून बसवतात, आणि ती पायांतले चांदीचे वाळे फरशीवर आपटत राहते. तो आवाज ऐकला की मला अजूनही वाटतं, झडतीला बोलावलं.

वऱ्हाडच्या हद्दीवर निजाम सरकारचा जकातीचा नाका होता. त्यावर ते नाकेदार होते. हळदीच्या पोत्यात दडवलेली चांदी, बाळंतिणीच्या दुलईत शिवलेलं कापडाचं ठाण, असलं काहीबाही त्यांनी शोधून काढल्याच्या गोष्टी गल्लीत सांगत. गाडीवानानं आवंढा गिळला की माल कुठे आहे ते त्यांना कळायचं म्हणे. नोकरी संपल्यावर ते हिंगोलीला स्वतःच्या घरी आले. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, एवढीच माणसं. बहिणीला सगळे आपा म्हणत. त्यांची दृष्टी गेलेली होती.

आम्ही त्यांच्या शेजारी आलो ते बाबांच्या बदलीमुळे. बाबा सरकारी दवाखान्यात डॉक्टर. त्याआधीची सगळी वर्षं मी हैदराबादला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. माझं मराठी घरातलं होतं, गल्लीतलं नव्हतं. आल्यावर पहिल्याच आठवड्यात आडावर गर्दी होती, तेव्हा मी म्हटलं, "कृपया मला थोडी जागा द्याल का?" बायांनी तोंडाला पदर लावले. एकीच्या हातातून दोर सुटला, बादली धाडकन खाली गेली, आणि मग कुणाला हसू आवरेना. त्या दिवसापासून मी 'मडम' झाले, आणि गल्लीत बोलायची बंद झाले. पुढे एकदा कुणीतरी कुणाला विचारताना ऐकलं, "डॉक्टरसाहेबाची पोरगी मुकी हाय का?" मला बरंच वाटलं. मुकीकडून कुणी काही बोलण्याची अपेक्षा ठेवत नाही.

बाबांनी आपांसाठी दिलेलं डोळ्यांचं औषध घेऊन मी पहिल्यांदा त्या घरी गेले, तेव्हा नाकेदारसाहेब वसरीत उभे होते. आपा आत पलंगावर बसून पान कुटत होत्या. मी आत पाऊल टाकताच त्यांनी मला थांबवण्यासाठी हात पुढे केला, मग खाली घेतला, मग नुसताच मिशीवरून फिरवला.

आतून आपा म्हणाल्या, "अरे, सांग तिला. लेकराला काय लाजतोस?" आणि मला म्हणाल्या, "घरात कानखजुरा निघालाय, बेटी. मला दिसत न्हाई म्हणून मला भीती न्हाई. याला दिसतो, म्हणून हा भायेर."

नाकेदारसाहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. असा चेहरा मी फक्त आरशात पाहिला होता.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"तो... लांबवाला," ते म्हणाले. नाव त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. काठीनं त्यांनी नुसती दिशा दाखवली.

भिंतीवर एक गोम होती, लांब पायांची, कुणी पेनानं ओढावी तशी. मी तिच्यावर पितळी फुलपात्र पालथं धरलं, खालून एक पुठ्ठा सरकवला, आणि परसात नेऊन पाल्यावर सोडून दिली. यात माझी काही बहादुरी नव्हती. मला माणसांची भीती वाटायची, किड्यांची नाही. कुणाला कशाची वाटावी हे आपल्या हातात नसतं, एवढंच.

"गेला? बराबर गेला?"

"हो."

मग ते आत आले आणि एकदम यजमान झाले. मला बसायला सांगितलं, बशीत खारका दिल्या. मी उठले तेव्हा दारापर्यंत आले आणि गल्लीत कुणी नाही हे पाहून हळूच म्हणाले, "बेटी, हे भायेर नको."

मी मान हलवली. गुपित सांगून ठेवायला मुक्या मुलीसारखी दुसरी सुरक्षित जागा नव्हती, हे त्यांनाही कळलं असणार.

त्यानंतर झडत्या नेहमीच्या झाल्या. मी त्यांना चाचा म्हणू लागले. गंमत अशी की किड्यांची इंग्रजी नावं मला येत होती, शाळेत भिंतीवर तक्ता होता. मराठी नावं मात्र मी शिकले ती सगळी चाचांकडून. आपण ज्याला भितो त्याची पुरती माहिती ठेवतो, तशी त्यांनी ठेवलेली. ते बाहेर उभे, मी आत, आणि आमचा कारभार दारातून चाले.

"पाय किती?"

"पुष्कळ."

"अंगाच्या भायेर येतात का खाली दबलेले?"

"खाली. बारीक. हात लावला तर गोल गुंडाळून बसला."

"मग वाणी. गरीब जात. न्हाणीत असतो तो. राहू दे, परवाना."

निरुपद्रवी ठरला त्याला परवाना, नासधूस करणारा दिसला तर माल जप्त. एकदा कपाटामागून चंदेरी, चपटं काहीतरी सुळकन गेलं. "कसर," बाहेरून निकाल आला. "चावत न्हाई, पण माझी शेरवानी खाल्ली त्यानं. जप्त." कडीपाटाच्या कोपऱ्यात एक माशी ओल्या मातीच्या गोळ्या आणून घर लिंपत होती. "कुंभारीण. एकटी बाई, सवताच्या मेहनतीनं घर बांधून राहिली. तिला कोण हटकणार? परवाना." आणि खुंटीमागे लांबलचक पायांचा कोळी जाळ्यात झोके घेत बसलेला, त्याच्याबद्दल तर ते रागावलेच. "त्याला कशाला हात लावतेस? डास धरतो तो. माझ्या घरी बिनपगारी शिपाई आहे."

शिपायाच्या जवळ जायची त्यांची छाती नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण निकाल द्यायचा तो न्यायानं. हळूहळू त्या घरात परवानेवाले वाढत गेले. आषाढात न्हाणीच्या दगडांतून वाण्यांची रांगच निघे, चाचा पाय उचलून उचलून तिच्या बाजूनं जात, अंग चोरून, पण जात. मी सांगायचे, "चाचा, कोळी आहे खुंटीमागे." ते विचारायचे, "मोठा झाला?" "हो." "बराबर." आणि आत येऊन ते नेमके त्याच खुंटीखाली बसत. ताठ. अधूनमधून वर एक नजर.

गोमीला मात्र परवाना मिळाला नाही. मी एकदा म्हटलं, "चाचा, ती काही करत नाही. उलट झुरळं खाते."

"मालूम आहे," ते म्हणाले. "मला मालूम आहे, बेटी. भीतीला मालूम न्हाई."

माझ्याशी बोलताना ते एक करायचे. माझं वाक्य मध्येच अडकलं, शब्द सापडेना, की ते काठीच्या मुठीकडे बघत थांबायचे. घाई नाही, मदत नाही, हसू तर नाहीच. नाक्यावर एखादा गाडीवान कमरेला कागद चाचपत असेल तेव्हा ते असेच थांबत असतील. माझं मराठी जे काही सुटलं ते त्या थांबण्यात सुटलं. घराबाहेर आले की पुन्हा तोंडाला कुलूप.

गेल्या वर्षीच्या थंडीत आपा वारल्या.

दुपारी जेवल्यावर चाचांना निजायची सवय होती. आपा असताना त्या उशाशी बसत. "नीज. मी ऐकते," म्हणत. भिंतीवर पाय वाजले तरी त्यांना ऐकू येतं, असं त्या सांगत, आणि चाचा ते खरं मानत. आपा गेल्यावर ते निजेनात. डोळे लाल राहू लागले. तो लांबवाला कानात शिरतो, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. पलंगाच्या चारी पायांखाली त्यांनी पाण्याच्या वाट्या ठेवल्या, तरी छतावरून पडला तर काय, हा प्रश्न उरलाच. शेवटी एक दिवस भिंतीपलीकडून म्हणाले, "बेटी, दवाखान्यातला कापूस मिळेल का? सरकी नसलेला."

मी बाबांना विचारून एक गुंडाळी नेऊन दिली. ते त्याचे बोळे करत, गोड्या तेलात भिजवत आणि कानात खोल बसवत. मग दाराला आतून अडसर, परसाच्या फाटकाला कडी, आणि झोप. खांद्याला हात लावल्याखेरीज उठवता येऊ नये अशी. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे पांढरे दिसले तेव्हा मला आनंद झाला होता.

त्या वर्षी गल्ली हळू आवाजात बोलायला लागली होती, हे तुमच्यापैकी इकडच्या लोकांना सांगायला नको. निजामाचं राज्य राहतं की जातं, कुणालाच कळत नव्हतं. कुणी खिडकी लावून घेतली, कुणी रामराम घेतला नाही, याचे अर्थ निघायचे. चाचा त्या सरकारचे जुने नोकर, आणि मुसलमान. एरवी जे दार दुपारी बंद असलं की 'निजले असतील' असं लोक म्हणाले असते, त्या बंद दाराचा अर्थ त्या उन्हाळ्यात वेगळा लागत होता.

चंद्रभागेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या त्या भरदुपारी. मी आणि आई बाबांबरोबर कळमनुरीला गेलो होतो. सुईणीनं हात टेकले, दवाखान्यात नर्सकडे न्या म्हणाली. गल्लीत गाडी एकच, चाचांची दमणी, छताची हलकी बैलगाडी. राधाकाकूंनी त्यांचं दार ठोठावलं. मग काकूंच्या मुलानं दगडानं ठोकलं. हाका मारल्या, हातापाया पडून झालं, शिव्या देऊन झाल्या. भिंतीपलीकडे बैल रवंथ करताना दिसत होते. त्या वर्षी दुसऱ्याच्या, त्यातून त्यांच्या, भिंतीवरून उडी मारायची कुणाची छाती झाली नाही. अखेर सुनेला बाजेवर घालून चौघांनी उचललं. दवाखाना गावाच्या त्या टोकाला. अर्ध्या वाटेवर, बाभळीखाली, सडकेच्या कडेला चंद्रभागा बाळंत झाली. बायांनी पदर धरून आडोसा केला. बाजारच्या गाड्या जात होत्या. माणसं मान वळवत होती.

मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या. पण राधाकाकूंचं मन त्या सडकेवरून उठून घरी आलं नाही. "माझी सून जनावरावानी रस्त्यात बाळंत झाली," त्या म्हणत, आणि मग त्या दाराकडे बघत. "जागा होता. आतून ऐकून राहिला होता. माणसाचं काळीज न्हाई त्याला."

आम्ही परतलो तोवर गल्लीचं ठरून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी चाचा परसाच्या भिंतीशी दिसले. बैलांसमोर उभे होते, पण बघत कुठेच नव्हते. काकूंकडे त्यांनी बाळासाठी चांदीचे वाळे पाठवले होते. ते परत आले होते, वसरीत फेकलेले.

"मी सांगते काकूंना," मी म्हटलं.

"काय सांगशील? नाक्यावर उभा राहणारा माणूस किड्याला भिऊन कानात बोळे घालतो? त्यापायी त्यांची लाज सडकेवर गेली?" त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "दगड म्हणतात मला. म्हणू दे. दगडाला लोक वळसा घालून जातात. हसायला लागले तर, बेटी, रोज कुणी ना कुणी दारात तो लांबवाला टाकून जाईल. मी राहू शकणार न्हाई इथे. तू मला जबान दे."

मी शब्द दिला. आणि काकूंसमोर जाऊन बोलावं लागणार नाही, याचं आत कुठेतरी बरंही वाटलं. ते बरं वाटणं अजून टोचतं.

न्हावी यायचा बंद झाला. मिशा खाली आल्या. आडावर ते गेले की बाया घागरी उचलून बाजूला होत. आणि ते वसरीत पूर्वीपेक्षा जास्त उभे राहू लागले. उन्हातसुद्धा. पण आता खाकरत नव्हते, काठी आपटत नव्हते. माझं त्यांच्या घरात जाणं लोकांनी पाहू नये म्हणून. आत भिंतीवर काय असेल याचा मी खिडकीत बसून अंदाज करायचे, आणि ते संध्याकाळपर्यंत स्वतःच्या दाराबाहेर उभे असायचे. दार उघडं. काकू जाता-येता थुंकायच्या.

पावसाळा सरता सरता भारताची फौज आली, राज्य बदललं. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा राहिला. लिंबाखाली आमच्याच घरची खुर्ची नेऊन एक अधिकारी बसला. जुन्या सरकारच्या नोकरांपैकी कुणाबद्दल तक्रार आहे का, असं तो विचारत होता. ज्यांच्याबद्दल होती असे काही जण ट्रकमध्ये आधीच बसलेले होते, गुडघ्यांत मान घालून. अधिकारी दूर दक्षिणेकडचा. मराठी त्याला येत नव्हतं, आणि आमच्या गल्लीचं हिंदी समजत नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरसाहेबाच्या मडमला बोलवा. तिला इंग्रजी येते."

मला आणून त्या खुर्चीशेजारी उभं केलं. सगळी गल्ली समोर. आडावर हसलेल्या सगळ्या जणी. राधाकाकू पुढे आल्या, खांद्यावर नात निजलेली.

"सांग त्याला," त्या मला म्हणाल्या. "त्या घरातल्या माणसानं दार उघडलं न्हाई. माझी सून मरून राहिली होती, आन् ह्यानं जागेपणी दार उघडलं न्हाई. सांग."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. ही बाई काय म्हणते, असं त्यानं इंग्रजीत विचारलं. चांगलं, स्वच्छ इंग्रजी, आमच्या शाळेतल्यासारखं. मला लागणारे सगळे शब्द येत होते. दार. हाका. नकार. कठीण असा एकही नव्हता. एवढं मोठं काम माझ्याकडून इतक्या सहज होणार होतं.

मी वर पाहिलं. चाचा वसरीच्या खांबाशी उभे होते, काठी हातात, ताठ. सकाळची वेळ, कान मोकळे. त्यांना सगळं ऐकू येत होतं. आमची नजर मिळाली तेव्हा त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. मग ते ट्रककडे बघू लागले. चालेल, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यात बसायला चालेल, लोकांनी हसण्यापेक्षा.

ट्रकचं इंजिन सुरूच होतं. अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं. आता काय होणार ते मला दिसत होतं. पदर तोंडाला जातील, कुणीतरी फिसकन हसेल, आणि ते हसू त्या खांबापर्यंत पोहोचेल. मी शब्द मोडणार होते, तोही त्यांच्या देखत.

मी अधिकाऱ्याकडे पाठ केली. राधाकाकूंच्या डोळ्यांत बघणं जमेना, म्हणून त्यांच्या खांद्यावरच्या बाळाकडे बघत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, मी म्हणाले,

"काकू, ते जागे नव्हते. त्यांच्या कानात कापूस होता, मीच दिलेला. त्यांना गोमीचं भ्या वाटतं. लई भ्या वाटतं."